सतरा दिवसांचा चेहरा

६ जानेवारी

धाकटे,

हे पत्र तू वाचणार नाहीस असं गृहीत धरूनच लिहिते आहे, म्हणजे निदान मोकळेपणी लिहिता येईल. मागच्या तीन पत्रांना तुझं उत्तर नाही. बाबांच्या वाढदिवसाचं कार्ड मात्र अगदी तारखेला येतं. त्यात "प्रकृतीस जपावे" एवढंच असतं आणि बाबा ते महिनाभर रेडिओवर उभं करून ठेवतात. त्यांच्या गोळ्या मी देते, मोज्यांच्या जोड्या मी लावते, भिंतीला टेकवलेली काठी घसरून पडली की दिवसातून चार वेळा मीच उचलते. मला कुणी रेडिओवर उभं करत नाही.

बाबा आता त्र्याऐंशीचे झाले. डॉक्टर म्हणाले की जिना चढू देऊ नका, आणि बाबा डॉक्टर गेल्याबरोबर जिना चढून गच्चीवर गेले. एकदा येऊन जा. बत्तीस वर्षं म्हणजे काही कमी नाहीत. मी तेव्हा काही बोलले असेन, तर मोठ्या बहिणी बोलतातच. त्यासाठी कुणी गाव सोडून बस डेपोत वेळापत्रकं लावत बसत नाही.

दुसरी बातमी कामाची. आमच्या संग्रहालयातली ती आठवते ना? हिरव्या काळपट पोशाखातली तरुण मुलगी, दगडी कठड्यावर कोपर, मुठीवर हनुवटी, मिटलेल्या पुस्तकात एक बोट अडकवलेलं, मागे भरून आलेलं आभाळ. दोनशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र, चित्रकार अज्ञात. तिच्या चेहऱ्यावर जो काही विचार आहे त्यावर आमचं संग्रहालय जगतं. पोस्टकार्डावर ती, कॅलेंडरावर ती, बिस्किटांच्या डब्यावरही तीच. आमचा गाइड रोज नव्या मंडळींना सांगतो की तिचा प्रियकर युद्धावर गेला आहे. मंगळवारी तो प्रियकर बुडालेला असतो. मी एकदा म्हटलं, "अहो, एक काय ते ठरवा." तर म्हणतो, "ताई, लोकांना बघून ठरवतो."

ती आता चार शहरांच्या दौऱ्यावर निघाली आहे. त्याआधी तिची तपासणी आणि सफाई माझ्याकडे आली. माझ्या निवृत्तीला सात महिने उरलेत, म्हणून संचालकबाईंनी मोठ्या कौतुकाने ती माझ्या टेबलावर ठेवली. बाबांना सांगितलं तर आनंद होईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तिला कशाला हात लावतेस? धूळ झटक आणि पाठवून दे." ते आमच्या दुरुस्ती-सफाई खात्याचे प्रमुख होते तेव्हाही तिला कुणाला भिंतीवरून उतरवू द्यायचे नाहीत. म्हातारपणी माणसं हट्टी होतात म्हणतात, पण हे तर तरुणपणीच झालेले होते.

आई म्हणायची, ती तुझ्यासारखी दिसते. मला कधी पटलं नाही. तू इतका वेळ गप्प बसलेली मी कधी पाहिलेलीच नाही.

ताई

९ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाहीच. ठीक आहे. मला आज कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ज्यांना सांगायला हवं ते शेजारच्या खोलीत घोरताहेत.

बाबांनी बत्तीस वर्षांपूर्वी तिच्यावर लावलेलं व्हार्निश मी काढलं. सुरळीत निघालं. मग आमचा फोटोवाला नवा जांभळा दिवा घेऊन आला. खोलीत अंधार करून तो दिवा चित्रावर धरला की जुना रंग आणि जुनं व्हार्निश हिरवट चमकतं, आणि मागाहून कुणी लावलेला रंग काळा राहतो. दर चित्रात थोडे काळे ठिपके निघतातच. दिवा पोशाखावर धरला, छान चमकला. आभाळ चमकलं. हात, पुस्तक, बोट, सगळं चमकलं. मग त्याने दिवा वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला.

शेवटी म्हणाला, "मॅडम, हिला तोंडच नाहीये."

केसांपासून हनुवटीपर्यंत काळा गोळा. सगळा चेहरा नंतरचा. ज्या चेहऱ्यासाठी लोक रांग लावतात, तो त्या चित्रकाराचा नाहीच. जुनी फाइल काढली. बाबांच्या सुबक अक्षरात लिहिलंय, "व्हार्निश काढले. किरकोळ डागडुजी." किरकोळ! खाली सही आणि तारीख. मी त्या महिन्यात बाहेरगावी तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेलेली होते, नाहीतर मला कळलं असतं. परत आले तेव्हा चित्र नवं व्हार्निश लावून भिंतीवर उंच टांगलेलं होतं. चेहरा वेगळा वाटला होता खरा. पण आधी त्यावर इतका तपकिरी थर होता की खाली कोण कसं दिसत होतं कुणाला ठाऊक. मला वाटलं, साफ केल्यावर असाच दिसायचा.

मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना तो चेहरा दाखवून सांगत आले की बघा, सफाई करावी तर अशी. आता हसावं की रडावं?

ताई

१४ फेब्रुवारी

तुम्हा दोघांना काय म्हणावं तेच मला कळत नाही.

पाच दिवस बाबांच्या मागे लागले. पहिल्या दिवशी त्यांना ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहा पाणचट होता. तिसऱ्या दिवशी माझी ब्रश धरायची पद्धत कशी चुकीची आहे यावर व्याख्यान झालं. काल मी जांभळ्या दिव्याखालचा फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि काठी उचलून लांब ठेवली. म्हटलं, "आता सांगेपर्यंत उठायचं नाही."

तेव्हा म्हणाले, "बोळा फिरवला आणि गाल कापसावर आला."

तू आमच्या धंद्यातली नाहीस, तुला या वाक्याची धडकी कळायची नाही. कापसाच्या बोळ्यावर पिवळं व्हार्निश यावं लागतं. गुलाबी आलं म्हणजे चित्र आलं. बाबा म्हणाले, एक क्षण त्यांना वाटलं की आपलंच बोट कापलंय. तोवर कपाळापासून ओठांपर्यंत बहुतेक सगळा चेहरा गेलेला होता. अठराव्या दिवशी समिती बघायला येणार होती. मग त्यांनी चेहरा रंगवला. मनाने रंगवता येईना, म्हणून समोर कुणाला तरी बसवून.

"कुणाला?" मी विचारलं.

"धाकटीला. खिडकीपाशी. सतरा दिवस."

म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं! सतरा दिवस खिडकीपाशी बसलीस आणि मी घरी आले तेव्हा मूग गिळून होतीस. बाबांनी एवढी चूक केली, तुम्ही दोघांनी मिळून ती झाकली, आणि मला बत्तीस वर्षं शेंडी लावली. वर रुसून निघून गेलीस तू! रुसायचा हक्क कुणाचा होता? मी तर त्या चित्राच्या जोरावर व्याख्यानं देत फिरले. बाबांना विचारलं, मला का नाही सांगितलं? तर म्हणे, "कंटाळा आला आता, काठी दे."

या पत्राला उत्तर दिलं नाहीस तर मी पुन्हा लिहिणार नाही.

ताई

५ मार्च

धाकटे,

पुन्हा लिहिते आहे. उत्तर दिलं नाहीस हे मला माहीत आहे, ते काढू नकोस.

स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे. प्लंबर म्हणतो की सगळी भिंत फोडावी लागेल, मी म्हणते आधी वॉशर बदलून बघ. फोटोवाल्याच्या मुलीला मुलगी झाली. संचालकबाईंनी बैठक घेतली आणि सांगितलं की नंतरचा रंग काढून टाका, मूळ जेवढं असेल तेवढं दाखवू. मी म्हटलं, मूळ काही उरलेलं नसेल. त्या म्हणाल्या, बघा तरी. मी कपाळाच्या कडेला डाळीएवढी जागा उघडी केली. खाली रंगाआधी कॅनव्हासला देतात तो राखाडी लेप, बाकी काही नाही. तिथेच थांबले, कारण त्या जागेच्या शेजारी तुझी भुवई सुरू होते. एकदा कळल्यावर मला ती दुसऱ्या कुणाची दिसेनाच. रागावलीस की डावी भुवई जरा वर जाते तुझी, ती तिथे आहे.

मग मी तळघरात गेले. बाबांनी कोणतं द्रावण वापरलं होतं ते अहवालात लिहायला हवं, म्हणून जुन्या चाचण्यांची वही शोधत होते. खरं सांगायचं तर बाबांची चूक नेमकी काय होती ते मला त्यांच्या तोंडावर मारायचं होतं.

चित्र साफ करण्याआधी नखाएवढ्या जागेवर द्रावण लावून बघतात की नुसतं व्हार्निश निघतंय की खालचा रंगही सुटतोय. ही चाचणी प्रत्येक रंगावर वेगळी घ्यायची असते. काही जुने चित्रकार चेहऱ्यावर शेवटचा हात देताना रंगातच व्हार्निश मिसळायचे, त्वचा तजेलदार दिसावी म्हणून. तिथे व्हार्निश काढायला गेलं की त्वचाही निघते. हे मी वर्गात पहिल्याच दिवशी शिकवते.

वही सापडली. त्या पानावर लिहिलं आहे: पोशाख, सुरक्षित. आभाळ, सुरक्षित. चेहरा, सुरक्षित.

अक्षर माझं आहे.

दुपारी चारची गाडी होती मला. प्रशिक्षणाची बॅग टेबलाखाली भरून ठेवली होती. पोशाखावर आणि आभाळावर मी बोळा लावून पाहिला. चेहऱ्याला हात लावायची छाती झाली नाही. पंचवीस वर्षांची होते, त्या चेहऱ्यावर डाग पडला तर काय, या विचाराने पाचावर धारण बसली होती. दोन जागा ठीक निघाल्या, तिसरीही ठीकच असणार म्हणून लिहून टाकलं आणि गाडी पकडली. हे मी विसरले होते असं लिहिणार होते. विसरले नव्हते. इतक्या वर्षांत काही बिघडलेलं दिसलं नाही, म्हणून त्याचा विचार करणं सोडून दिलं होतं.

बाबांनी माझ्या "सुरक्षित"वर विश्वास ठेवून बोळा फिरवला.

ताई

११ मार्च

धाकटे,

वही बाबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"माहीत आहे," म्हणाले. "चेहऱ्यावर चाचणीची खूणच नव्हती. मी आधी बघायला हवं होतं. तुझं अक्षर बघितलं आणि पुढे गेलो."

"मला बोलावून का नाही घेतलंत? मला तोंडावर का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं? नोकरी गेली असती तुझी. आणि तू परत ब्रशला हात लावला नसतास. मला ठाऊक आहे तू कशी आहेस ते." मग बराच वेळ उशीचा कोपरा ओढत बसले. "धाकटीकडून वचन घेतलं. ताईला कधी सांगायचं नाही. ती हो म्हणाली."

मी विचारलं, "आणि मुलाखत?"

तू मुलाखत चुकवलीस हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नकाशे काढायच्या शाळेची, जिच्यासाठी तू दोन वर्षं भिंतीवर गल्लीबोळांचे नकाशे चिकटवत होतीस. बाबा म्हणाले, मुलाखत अकराव्या दिवशी होती, जाऊन यायला दोन दिवस लागले असते, रंग ओला होता, उजेड रोज बदलत होता. "मी तिला जा म्हणालो होतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "एकदाच म्हणालो. ती नको म्हणाली, तेव्हा मला बरं वाटलं."

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी तेव्हा काही बोलले असेन. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. प्रशिक्षणाहून आले त्या पहिल्याच जेवणाला, आईसमोर, शेजारच्या काकू आलेल्या असताना म्हणाले, "हिला आयुष्यात कशाचंच गांभीर्य नाही. हिच्यामागे कुणी वेळ घालवू नका." बाबा ताटात बघत राहिले. तू पाणी प्यायलीस आणि उठून गेलीस. सहा महिन्यांनी गावच सोडलंस. मी सगळ्यांना सांगत फिरले की बघा, म्हटलं नव्हतं?

मी चुकले, धाकटे. चाचणीत चुकले आणि जेवतानाही चुकले. माझ्यासाठी तू तिथे बसलेली होतीस, आणि मी तुला बेफिकीर ठरवलं. हे वाक्य लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

अहवालात चाचणीबद्दल माझं नाव लिहिलं. संचालकबाईंनी वाचून चष्मा पुसला, पुन्हा वाचला. पण मी त्यांना सांगितलं की चेहरा काढू नका. बाबांच्या हातून इतकं चांगलं काम दुसरं झालेलं नाही. पाटीवर खरं लिहू, चेहरा नंतरचा आहे, आणि राहू दे. समितीतले निम्मे माझ्या बाजूचे झाले, कारण पोस्टकार्डं छापून तयार आहेत. शेवटी म्हणाले, तुम्हीच लेखी शिफारस द्या, तुम्ही म्हणाल तसं करू. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. मी "ठेवा" असं लिहिणार आहे. तुझा चेहरा माझ्या हाताने पुसायचा म्हणजे काय चेष्टा आहे?

ताई

२७ मार्च

धाकटे,

धन्य आहे तुझी! बत्तीस वर्षांनी पत्र आलं ते अर्ध्या कागदाचं, आणि त्यातही हुकूम. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं आहे. तरी इथे उतरवते, नंतर म्हणशील मी असं लिहिलंच नव्हतं.

"ताई, सगळी पत्रं मिळाली. तुला सांगायचं नाही असं कबूल केलं होतं, आणि ते टाळून तुझ्याशी दुसरं काही बोलणं मला जमेना. चाचणीचं मला तेव्हाच माहीत होतं. त्याचा राग नाही. जेवताना बोललीस त्याचा आहे, आणि तो अजून गेलेला नाही. तुझ्या पत्राने थोडा कमी झाला, एवढंच. चेहरा ठेवायचा म्हणतेस. मला विचारशील तर पुसून टाक. मुलाखतीत माझा नंबर सकाळी दहाला होता. दहा वाजता बाबा ओठ रंगवत होते आणि मला म्हणाले, हलू नकोस. लोक तिकीट काढून तेच बघत आले आहेत. मला तिथे बसून राहायचा कंटाळा आला आहे."

वाचून आधी मी चिडले. दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. म्हटलं, हिला कलेतलं काय कळतं? हिला काय, एक बस रद्द करून दुसरी लावायची सवय! मग तिसऱ्या दिवशी संग्रहालयात गेले आणि तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले. गाइड एका शाळेच्या मुलींना सांगत होता की ती प्रियकराच्या पत्राची वाट बघते आहे. मुली माना हलवत होत्या. मी तिच्या ओठांकडे बघितलं आणि मला घड्याळात दहा वाजलेले दिसायला लागले. नंतर मला तिथे बसवेना.

शिफारसीत लिहिलं, "काढावा." कारण विचारलं होतं, तिथे लिहिलं की जिचा चेहरा आहे तिची तशी इच्छा आहे. संचालकबाई म्हणाल्या, असं कारण आजवर कुणी दिलेलं नाही. मी म्हटलं, आजवर कुणी कुणाला विचारलंही नसेल. दौऱ्यावर आता दुसरं चित्र जाणार. गाइड माझ्याशी बोलत नाही.

बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. "दहा वाजता" तिथे मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "तिने म्हटलंय ना? मग काढ." आणि जरा वेळाने, "मला घेऊन चल. मी बोळे करून देईन."

ताई

१९ एप्रिल

धाकटे,

रंगवायला सतरा दिवस लागले होते. काढायला चार सकाळी पुरल्या.

बाबांना खुर्चीत बसवून वर नेलं. जिना त्यांना मना आहे, म्हणून फोटोवाल्याने आणि सुताराने खुर्चीसकट उचलून नेलं, आणि त्यांनी वाटेत दोघांनाही कसं उचलावं ते शिकवलं. हात थरथरतो त्यांचा, पण काडीला कापूस गुंडाळायला लागले की थांबतो. माझ्याहून नीट बोळे केले त्यांनी. मी भराभर वापरत होते तर म्हणाले, "घाई कशाला? गाडी पकडायची आहे का?" बत्तीस वर्षांत या विषयावर टोचून बोलले ते एवढं एकच. मी ऐकून घेतलं.

ओठ आधी काढले. तुझ्यासाठी. मग गाल, कपाळ, डोळे. भुवई सगळ्यात शेवटी, तिथे माझा हात अडत होता. प्रत्येक बोळ्यावर गुलाबी येत होतं आणि या वेळी ते यायलाच हवं होतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, तुझ्यावर, बाबांवर, त्या चार वाजताच्या गाडीवर. सगळ्यात जास्त त्या बॅग भरून बसलेल्या पंचवीस वर्षांच्या शहाणीवर.

खाली बहुतेक राखाडी लेप आहे. एका पापणीची कड उरली आहे, हनुवटीची सावली, आणि उजवीकडे ओठाचा एवढासा कोपरा. मी भिंग लावून बघितलं, मग बाबांना दिलं. तो कोपरा वर वळलेला आहे. धाकटे, ती मुलगी विचारात नव्हतीच. हनुवटी मुठीवर टेकून ती हसू दाबत होती. ज्या उदासीसाठी लोक तिकीट काढत आले, ती सगळी तुझी होती.

बाबांनी भिंग खाली ठेवलं. म्हणाले, "मी इतका घाबरलो होतो, उरलेलंसुद्धा नीट पाहिलं नाही. त्याच्यावर तिचं तोंड रंगवलं." मग माझा हात धरून बसले. दोन्ही हातांनी धरला होता. असा त्यांनी माझा हात लहानपणीही धरलेला मला आठवत नाही.

आता तिथे साधा, बिनचेहऱ्याचा रंग भरायचा आहे, उरलेला कोपरा दिसेल असा. लोक ओरडतील. ओरडू देत. तू बसायचीस त्या खिडकीपाशी मी एकटीच होते तेव्हा शेवटचा बोळा फिरवला, टेबल पुसलं आणि हे लिहायला बसले.

झालं, धाकटे. ऊठ आता.

ताई